‘आज फवारणी नको’ हे कोण विकणार? ऑनलाइन विपणन व प्रेरक व्याख्यानांतून कृषी विस्ताराने घ्यावयाचे धडे

जबलपूर हे कृषिज्ञानाचे शहर आहे. १९६४ मध्ये स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय येथे आहे. तणांवर संशोधन करणारे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे निदेशालय येथे आहे. मध्य प्रदेश व छत्तीसगडमधील कृषी विज्ञान केंद्रांच्या कामाचा समन्वय पाहणारी कृषी तंत्रज्ञान अनुप्रयोग संशोधन संस्था, म्हणजेच ‘अटारी’, हीदेखील येथेच आहे. पाटण, शहापुरा, सिहोरा हा भोवतालचा पट्टा हिरव्या वाटाण्यासाठी प्रसिद्ध आहे. इतके ज्ञान हाकेच्या अंतरावर असूनही या परिसरातील शेतकरी रात्रीच्या जेवणानंतर मोबाइल उघडतो, तेव्हा त्याच्यासमोर येणारी आमंत्रणे बहुधा वेगळीच असतात. तीन महिन्यांत उत्पन्न दुप्पट करण्याचे, घरबसल्या शेतमाल विकण्याचे, विचार बदलून आयुष्य बदलण्याचे ते ऑनलाइन कार्यक्रम असतात. नागपूर, यवतमाळ किंवा लातूरच्या शेतकऱ्याचा मोबाइल याहून निराळा नाही.

अशा कार्यक्रमांकडे कृषी शास्त्रज्ञ आणि विस्तार कार्यकर्ते सहसा उपहासाने पाहतात. उपहासाला कारणे आहेत, आणि त्यांचा विचार पुढे येईलच. परंतु एक प्रश्न आधी विचारला पाहिजे. जो शेतकरी हरभऱ्यावरील घाटेअळीच्या सल्ल्याला दोन मिनिटेही देत नाही, तो एका अनोळखी वक्त्याला दीड तास का देतो? तो भोळा आहे, हे उत्तर सोपे आहे आणि चुकीचेही आहे. खते, बियाणे आणि बैलजोडी यांची पारख करणारा माणूस रात्री नऊ वाजता अचानक भोळा होत नाही. त्या दीड तासात त्याला असे काही मिळते, जे विस्तार यंत्रणेकडून त्याला मिळत नाही.

त्या दीड तासात काय घडते?

ऑनलाइन विपणनाचे आणि प्रेरक व्याख्यानाचे कार्यक्रम थोड्याफार फरकाने एकाच साच्याचे असतात. सुरुवात ऐकणाऱ्याच्या अडचणीने होते, वक्त्याच्या पदव्यांनी नाही. ही अडचण त्याच्याच शब्दांत मांडलेली असते. मग त्याच्यासारख्याच एका माणसाची गोष्ट येते. संपूर्ण कार्यक्रमात मुद्दा एकच असतो आणि तो निरनिराळ्या शब्दांत चार-पाच वेळा सांगितला जातो. शेवटी एकच कृती करण्यास सांगितले जाते. दुसऱ्या दिवशी आठवण करून देणारा संदेश येतो, तिसऱ्या दिवशी पुन्हा येतो.

याच्या शेजारी विस्तार यंत्रणेचा नेहमीचा संदेश ठेवून पाहावा: ‘ढगाळ हवामानामुळे हरभऱ्यावर घाटेअळीचा, तुरीवर शेंगा पोखरणाऱ्या अळीचा व गव्हावर माव्याचा प्रादुर्भाव होण्याची शक्यता असून शेतकरी बांधवांनी एकात्मिक कीड व्यवस्थापनाचा अवलंब करावा.’ या वाक्यात शास्त्रीय चूक एकही नाही. मात्र उद्या सकाळी शेतात जाऊन नेमके काय करायचे, हे त्यातून कळत नाही. तीन पिके आणि तीन किडी एका वाक्यात आल्या आहेत, कृती शून्य आहे, आणि हा संदेश पुन्हा येणार नाही.

हाच सल्ला असाही देता येतो: ‘उद्या सकाळी हरभऱ्याच्या शेतात दहा ठिकाणी एक-एक मीटर ओळ तपासा. अळ्या मोजा. दहा ठिकाणची सरासरी याच गटात कळवा.’ येथे पीक एक, कीड एक, काम एक आहे आणि कामाची वेळही ठरलेली आहे. दुसऱ्या दिवशी आकडे आले की पुढचा संदेश त्या आकड्यांवर आधारित असेल. विपणनाच्या कार्यक्रमांतून उचलण्यासारखा पहिला धडा हाच आहे. त्यासाठी शास्त्र सोडावे लागत नाही. शास्त्राला कृतीचे रूप मात्र द्यावे लागते.

हे जबलपूरला नवे नाही. येथील तण संशोधन निदेशालयाच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात देशभर गाजरगवत जनजागृती सप्ताह पाळला जातो. भारतात हे गवत प्रथम पुण्यात, १९५० च्या दशकाच्या मध्यास लक्षात आले आणि तेथून देशभर पसरले. सप्ताहाचा विषय एकच तण असतो. वेळही ठरलेली असते, कारण पावसाळ्यात गवत कोवळे असते आणि फुलण्यापूर्वी उपटता येते. पाने खाणाऱ्या मेक्सिकन भुंग्याची ओळखही याच निमित्ताने करून दिली जाते. १९८० च्या दशकात जैविक नियंत्रणासाठी हा भुंगा भारतात आणला गेला. एक विषय, ठरलेला मुहूर्त, वर्षानुवर्षे पुनरावृत्ती: हे विपणनच आहे. ते सार्वजनिक संस्थेने सार्वजनिक हितासाठी केले, एवढाच फरक आहे.

विक्रेता कळवतो, शेजारी पटवतो

विस्तार आणि विक्री यांचे नाते इंटरनेटच्या आधीपासूनचे आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यात १९२८ पासून संकरित मक्याचे बियाणे शेतकऱ्यांपर्यंत पोहोचू लागले. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी दोन वस्त्यांमधील २५९ शेतकऱ्यांशी बोलून त्याच्या प्रसाराचा अभ्यास केला. तो १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि विस्तार शिक्षणाच्या अभ्यासक्रमात आजही शिकवला जातो. जवळजवळ निम्म्या शेतकऱ्यांना या बियाण्याची पहिली बातमी विक्रेत्याकडून मिळाली होती. परंतु ते वापरण्याचा निर्णय घेताना सर्वाधिक प्रभाव पडला तो शेजारच्या शेतकऱ्याचा.

असाच अनुभव जबलपूर आणि महाराष्ट्र यांना जोडणाऱ्या सोयाबीनने दिला आहे. जेएस ३३५ हा वाण जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचा. ‘जेएस’ म्हणजे जवाहर सोयाबीन. १९९० च्या दशकात प्रसारित झालेला हा वाण विदर्भ आणि मराठवाड्यात घरोघरी पोहोचला. सोयाबीन स्वपरागसिंचित पीक असल्याने शेतकऱ्याला घरचे बियाणे राखता आले, शेजाऱ्याला देता आले. एका बांधावरचे पीक पाहून दुसऱ्या बांधावर पेरणी झाली. कोणत्याही व्याख्यानाने ते काम इतक्या प्रमाणात केले नसते.

या गोष्टीची दुसरी बाजूही आहे. त्याच विश्वविद्यालयाने पुढे जेएस ९३०५, जेएस २०-२९, जेएस २०-३४ असे वाण दिले, तरी अनेक गावांत जुना वाण वर्षानुवर्षे टिकून राहिला. शेजाऱ्याचा विश्वास जसा नवी गोष्ट पसरवतो, तसाच तो जुनी गोष्ट घट्ट धरूनही ठेवतो. अशा वेळी पहिली बातमी देणाऱ्याची, म्हणजे विक्रेत्याची भूमिका कोणीतरी करावी लागते. ती विस्तार कार्यकर्त्याने केली नाही, तर दुसरा कोणी करतोच.

एकच पक्षी, दोन जाहिराती

मात्र या कार्यक्रमांतून सरसकट सगळे उचलणे धोक्याचे आहे. कडकनाथ कोंबडीचे उदाहरण यासाठी पुरेसे बोलके आहे. काळ्या मांसाची ही कोंबडी मूळची मध्य प्रदेशातील झाबुआ परिसरातील. झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्राने तिच्या संवर्धनाचे काम केले, आणि २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले. जानेवारी २०१९ मध्ये या केंद्राने भारतीय क्रिकेट नियामक मंडळाला पत्र लिहून खेळाडूंच्या आहारात कडकनाथचा समावेश करण्याची सूचना केली. हैदराबादच्या राष्ट्रीय मांस संशोधन केंद्राच्या तपासणीचा आधार त्या पत्रात दिलेला होता. पत्र वृत्तपत्रांत गाजले. जाहिरातीचा खर्च जवळजवळ नव्हता. दावा तपासता येण्याजोगा होता आणि तो कोणाच्या आधारावर केला, हेही सांगितलेले होते.

त्याच वर्षी, २०१९ मध्ये, पश्चिम महाराष्ट्रात याच कोंबडीच्या नावाने चाललेली एक योजना कोसळली. ठरावीक रक्कम भरून पिल्ले घ्यायची, पुढे अंडी व पक्षी चढ्या दराने परत विकत घेतले जातील, असे आश्वासन शेतकऱ्यांना देण्यात आले होते. खरेदी थांबली, देणी थकली, पोलिसांत तक्रारी झाल्या. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर या भागांतील अनेक कुटुंबांची बचत आणि कर्जाऊ पैसा त्यात अडकला. काळी कोंबडी खरी होती, तिचे गुणही खरे होते. इतकी महाग अंडी शेवटी खाणार कोण आणि किती, हा प्रश्न मात्र पैसे भरण्यापूर्वी फारच थोड्यांनी विचारला.

झाबुआचा मार्गही जोखमीपासून मुक्त नव्हता. जानेवारी २०२१ मध्ये तेथील कडकनाथ पक्ष्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला आणि पक्षी नष्ट करावे लागले. जिवंत प्राण्यांच्या धंद्यात रोग, खाद्याचे भाव आणि मागणी ही तीन अनिश्चिते कायमची असतात. जो वक्ता ती सांगत नाही, त्याच्या भाषणातील आकड्यांना अर्थ नसतो.

शास्त्राच्या कसोटीवर न उतरणाऱ्या चार सवयी

पहिली सवय खोट्या घाईची. ‘शेवटच्या दहा जागा’, ‘सवलत फक्त आज’ अशा वाक्यांनी विचार करण्याचा वेळ हिरावून घेतला जातो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक सूचनांत ग्राहकाची दिशाभूल करणारे १३ ऑनलाइन डावपेच नमूद केले आहेत, आणि खोटी घाई हा त्यांपैकी एक आहे. शेतीत खरी घाईही असते. अळी लहान असताना केलेला उपाय मोठ्या अळीवर चालत नाही. पण ही घाई शेतात जाऊन डोळ्यांनी तपासता येते. विक्रेत्याची घाई तपासता येत नाही.

दुसरी सवय तुलनेच्या वाफ्याशिवाय यशोगाथा सांगण्याची. ‘हे औषध वापरले आणि पीक जोमदार आले’ या विधानातून काहीच सिद्ध होत नाही, कारण त्या वर्षी पाऊस चांगला झाला असेल तर न वापरणाऱ्याचेही पीक जोमदार आलेले असते. शेतातील एक पट्टा उपचाराविना सोडला असता, तरच फरक कळला असता. कृषी संशोधनाच्या शिस्तीतील ही पहिली पायरी आहे, आणि विपणनाच्या व्यासपीठावर नेमकी तीच गाळलेली असते. खेदाची बाब अशी, की विस्तार यंत्रणेच्या स्वतःच्या यशोगाथांतही ती पुष्कळदा गाळलेली आढळते.

तिसरी सवय केवळ विजेत्यांना व्यासपीठावर बसवण्याची. शंभर जणांनी सुरुवात केली, त्यांपैकी पाच यशस्वी झाले आणि पाचही व्यासपीठावर आले, तर समोरच्या श्रोत्याला यश अटळ वाटू लागते. उरलेले पंचाण्णव कोठे आहेत, हे विचारण्याची रीत तेथे नसते.

चौथी सवय सर्वांत क्लेशदायक आहे. अपयश आले की दोष ऐकणाऱ्याच्या जिद्दीला दिला जातो. शेतावरील प्रयोग फसला तर शास्त्रज्ञ आधी आपल्या उपचाराकडे पाहतो, आणि फसलेल्या वाफ्याची नोंद त्याला वगळता येत नाही. प्रेरक व्याख्यानात पद्धत कधीच चुकत नाही, चुकतो तो माणूस. गारपीट, पडलेले भाव आणि थकलेले कर्ज यांनी आधीच खचलेल्या शेतकऱ्याला ‘विचार सकारात्मक ठेवले नाहीत’ असे ऐकवणे म्हणजे त्याच्या ओझ्यात भर घालणे होय. आशा ही शेतकऱ्याची गरज आहे, यात शंका नाही. पण ती आशा आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, हे वेगळे करून दाखवणारी हवी.

ज्याला विक्रेता नाही, असा सल्ला

या सर्व विचाराचा कस कीटकशास्त्राच्या एका जुन्या संकल्पनेवर लागतो. १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातील स्टर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकात्मिक नियंत्रणाची कल्पना मांडताना आर्थिक नुकसान पातळीचा विचार मांडला. कीड दिसली म्हणून फवारू नये. किडीची संख्या वाढून पिकाचे होणारे नुकसान नियंत्रणाच्या खर्चाला ओलांडेल अशा टप्प्यावर येईपर्यंत थांबावे, असा त्याचा सारांश आहे. हरभऱ्यात प्रति मीटर ओळीत १ ते २ अळ्या, किंवा कामगंध सापळ्यात सलग २ ते ३ दिवस ८ ते १० पतंग, अशी घाटेअळीची मर्यादा शिफारशींमध्ये दिलेली असते. त्याखाली संख्या असेल, तर सर्वांत उत्तम सल्ला म्हणजे ‘आज फवारणी नको’.

या सल्ल्याने शेतकऱ्याचा औषधाचा खर्च वाचतो, मजुरी वाचते, मित्रकीटक वाचतात आणि किडीत प्रतिकारशक्ती निर्माण होण्याचा वेग मंदावतो. परंतु या सल्ल्यातून कोणालाही नफा होत नाही. फवारणीच्या बाजूने कंपनीचा प्रतिनिधी बोलतो, कृषी सेवा केंद्र बोलते, आकर्षक चित्रफीत बोलते. थांबण्याच्या बाजूने बोलणारे कोणी बाजारात नाही, आणि असण्याचे कारणही नाही. म्हणून हे काम सार्वजनिक विस्तार यंत्रणेचेच आहे. तिने ते केले नाही, तर ते कोणीही करणार नाही.

यात पणाला केवळ पैसा लागलेला नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचे प्राण गेले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती, आणि एकाच कारणावर बोट ठेवणे योग्य नाही. तरीही न केलेली प्रत्येक अनावश्यक फवारणी म्हणजे कोणाच्या तरी श्वासात न गेलेले विष, एवढे निश्चित म्हणता येते. येथे आणखी एक सावधगिरी हवी. पाठीवर पंप घेणारा मजूर बहुधा मालकाच्या व्हॉट्सॲप गटात नसतो. ऑनलाइन संदेश कितीही प्रभावी असला, तरी तो बांधावर उभ्या असलेल्या त्या माणसापर्यंत तोंडी पोहोचवावाच लागतो.

महाराष्ट्राने या दिशेने एक मोठे पाऊल पूर्वीच टाकले आहे. २००८ च्या खरिपात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाल्यानंतर २००९-१० पासून ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. ठरावीक शेतांत नियमित निरीक्षणे, त्यांवरून सल्ला आणि तो मोबाइलवरून शेतकऱ्यांपर्यंत, अशी त्याची रचना आहे. मोजणीची यंत्रणा आहे. तिला आता बोलण्याची कला जोडायची आहे.

विस्तार म्हणजे विक्री नव्हे, हे खरे, तरीही

शास्त्रज्ञाने विक्रेत्याची भाषा बोलू नये, त्याने प्रतिष्ठा जाते, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. विक्रेत्याचे काम विक्री झाली की संपते, विस्तार कार्यकर्त्याचे काम तेथे सुरू होते. त्याला पुढच्या हंगामात त्याच गावात जायचे असते. पण नेमके म्हणूनच तो ही कला सुरक्षितपणे वापरू शकतो. चुकीचे आश्वासन दिल्यास जाब द्यावा लागणार, हे त्याला ठाऊक असते. कामाचा ताण हा दुसरा आक्षेप. कृषी सहायकाकडे गावे अनेक आणि योजनांची कागदपत्रे त्याहून अधिक असतात. परंतु आठवड्याला दहा मोघम संदेश पाठवण्याऐवजी एक नेमका संदेश पाठवून त्याचा पाठपुरावा करणे, हे अधिक काम नाही. ते वेगळ्या प्रकारचे काम आहे.

ऑनलाइन शेतीशाळा घ्यायची असेल, तर ती चाळीस मिनिटांची असावी आणि तिचा विषय एकच असावा. पहिली दहा मिनिटे त्या भागातील एखाद्या शेतकऱ्याला द्यावीत, आणि त्याने गेल्या हंगामात कोठे चूक झाली तेही सांगावे. फवारलेल्या आणि न फवारलेल्या पट्ट्याचे छायाचित्र शेजारी शेजारी दाखवावे, दोन्हींचा खर्च आणि उत्पादन लिहून दाखवावे. शेवटी एकच काम द्यावे, आणि तिसऱ्या दिवशी त्याची विचारपूस करावी.

शेतकऱ्यांनीही कोणत्याही कार्यक्रमात पैसे भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. हे किती जणांनी केले आणि त्यांपैकी किती जणांना फायदा झाला? न केलेल्याशी तुलना कोठे आहे? माल शेवटी विकत घेणारा कोण, आणि त्याच्याशी मला थेट बोलता येईल का? नुकसान झाले तर ते कोणाचे? यांची उत्तरे न देणाऱ्या वक्त्याचे भाषण ऐकायला हरकत नाही, त्याला पैसे मात्र देऊ नयेत. हेच चार प्रश्न शेतकऱ्यांनी कृषी विज्ञान केंद्राच्या शास्त्रज्ञालाही विचारावेत, आणि शास्त्रज्ञाने त्याचे स्वागत करावे.

येत्या रब्बीत एखाद्या गावाच्या व्हॉट्सॲप गटात रात्री नऊ वाजता ‘दहा मीटर पाहिले, मिळून पाच अळ्या, सरासरी अर्धी; फवारणी थांबवली, चार दिवसांनी पुन्हा मोजतो’ असा एका शेतकऱ्याचा संदेश आला, आणि त्याखाली शेजाऱ्याने ‘मीही उद्या मोजतो’ असे लिहिले, तर त्या गावात विस्ताराचे काम झाले असे समजावे.